गोलातली पहिली सही

३ फेब्रुवारी

चि. बारक्या,

चिरंजीव लिहावं की माननीय, या विचारात अर्धा कप चहा गार झाला. शेवटी म्हटलं, न्यायमूर्ती असशील तुझ्या कोर्टात. तुझा शेंबूड मी पुसलाय.

पेपरात फोटो पाहिला. काळ्या झग्यात बरा दिसतोस. केस मात्र गेले. बाबांचेही याच वयात गेले होते, तेव्हा टोपी घालायला लाग. फोटोखाली लिहिलं होतं की सरकारनं न्यायाधीशांच्या निवृत्तीचं वय खाली आणलं, त्यामुळे वरच्या कोर्टातले बरेच जण एका झटक्यात घरी गेले आणि त्यांच्या जागी नवे आले. त्यात तू. तुझ्या खुर्चीत आधी सरकारला नडणारे न्यायमूर्ती बसायचे हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण ते राहू दे. अभिनंदन. मनापासून करते आहे, उगाच फाटे फोडू नकोस.

पत्राचं कारण आई. तिची छाती आता पार गेली. जन्मभर कारखान्यात हॉस्पिटलच्या चादरी धुतल्या, त्या धुण्याच्या पावडरीचा वास नाकातोंडातून आत गेला तो गेलाच. सध्या रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी दवाखान्यात जाऊन बसते. तू होतास तेव्हा हा दवाखाना नव्हता. मागच्या निवडणुकीत आपली कांजीबाई निवडून आली, तिनं भांडून आणला. कांजीबाई आठवते ना? कपड्यांना कांजी करायच्या खात्यात होती, आणि स्वतःही तशीच ताठ. गल्लीतलं कुणी निवडून येण्याची ती पहिलीच वेळ. तर आई तिथे तोंडाला प्राणवायूची नळी लावून बसते आणि नळीतूनच बाकीच्या बायकांना दम देते. डॉक्टर म्हणतात, हे रोजचं बसणं आहे तोवर चाललंय.

तुझं नाव घरात निघत नाही. तू कारखान्याच्या मालकाच्या वकिलाकडे नोकरी धरलीस त्या दिवशी ती जे बोलली ते तिनं मागे घेतलेलं नाही, आणि तूही परत पायरी चढला नाहीस. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. बाबा गेले तेव्हा तुझी गाडी गल्लीच्या तोंडाशी बराच वेळ उभी होती. मी पाहिलं होतं. तिला सांगितलं नाही. पण परवाचा फोटो तिनं पाहिला. पेपर पालथा घालून ठेवला, आणि दुपारभर त्याच्यावर कुणाला काही ठेवू दिलं नाही.

बाकी ठीक. मी काही मागायला लिहीत नाहीये. आमची ती मतदारसंघाच्या हद्दीची केस तुझ्यापुढे येणार म्हणतात. येईना का. मला त्यातलं काही कळत नाही आणि मी त्यात नाही.

तुझी,
ताई


२४ फेब्रुवारी

बारक्या,

पत्र पोचलं असणार. उत्तर नाही. कामात असशील. आई बरी आहे, म्हणजे काल जशी होती तशी.

आज इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या उभ्या मनात आलं, याला इथलं काहीच माहीत नाही, निदान गल्लीची हालहवाल तरी कळवावी. तर ऐक. हद्दी ठरवणाऱ्या मंडळानं नवा नकाशा काढला. त्यातली रेघ आपल्या गल्लीच्या बरोबर मधून येते, नळापाशी थबकते आणि कारखान्याच्या भिंतीकडे वळते. आपली बाजू गेली टेकडीवरच्या बंगल्यांच्या मतदारसंघात. समोरची बाजू बाजारपेठेच्या. आणि मागच्या खोल्या गोदामांच्या. आपल्या खिडकीतून समोरच्या खिळ्याला बांधलेली दोरी तुला आठवत असेल. आता त्या दोरीवरची चादर दोन मतदारसंघांत वाळते. आई म्हणते, मधे पोलीस नेमा, नाहीतर चादर कुठे मत देईल सांगता येत नाही.

हसू येतं, पण रात्र झाली की मी मतं मोजत पडते. आम्ही सगळे एकत्र होतो म्हणून कांजीबाई आली, तीही थोडक्यात. आता तिन्हीकडे आम्ही चवीपुरतं मीठ. टेकडीवरून निवडून येईल त्याला आमच्या दवाखान्याचं काय पडलंय? तिथल्या उमेदवारानं प्रचाराची पहिली सभा घेतली त्यात सांगूनच टाकलं की दवाखाना वर हलवू, तिथे मोकळी हवा आहे. मोकळी हवा आहे तिथे छातीचा दवाखाना!

मंडळानं हरकती मागवल्या होत्या. गल्ली जमली. आपली पद्धत तुला माहीत आहे, गोल. आईच्या वेळी अर्जावर ज्याची सही सगळ्यात वर असेल त्याला कारखान्यातून काढायचे, म्हणून हिनेच ती गोल सहीची टूम काढली. पहिला कोण ते कुणाला कळू नये. कागदावर गोल काढायचं काम तुझं असायचं, बादलीचं झाकण ठेवून. जीभ बाहेर काढून काढायचास. तेव्हापासून आजवर गल्लीचा एकही अर्ज रांगेत सह्या करून गेलेला नाही. या वेळी एवढी माणसं कागदावर मावेनात, तेव्हा कारखान्यातून रद्द झालेली एक चादर आणली, कपड्यांवर खुणा करायची न जाणारी शाई घेतली आणि तिच्यावर सगळ्यांनी गोलात सह्या केल्या. म्हाताऱ्यांनी अंगठे लावले. वाजतगाजत नेऊन दिली.

टेकडीवरच्यांनी नकाशा छान आहे म्हणून छापील अर्ज दिले, एकेका माणसाचा एकेक, पोत्यांनी. आणि मंडळानं अहवालात लिहिलं, नकाशाच्या बाजूनं हजारो, विरोधात हरकत एक.

एक! अख्ख्या गल्लीची चादर, तर म्हणे एक.

आमच्या वकिलाला आम्ही चष्मा म्हणतो, पोरगा हुशार आहे. तो म्हणतो, सगळी केस या एका आकड्यावर आहे. हे एक की आम्ही सगळे. सगळे ठरलो तर मंडळाला निवडणुकीआधी पुन्हा बसून प्रत्येकाचं ऐकावं लागेल. हे मी तुला केस म्हणून सांगत नाहीये. घरातलं आपलं सांगते आहे.

ताई


९ मार्च

न्यायमूर्तीसाहेब,

आपल्या कार्यालयाचं टाइप केलेलं पत्र मिळालं. ‘माननीय न्यायमूर्तींसमोर प्रलंबित असलेल्या प्रकरणासंबंधी आपण कोणताही पत्रव्यवहार करू नये.’ खाली कुण्या चिटणिसाची सही. एवढ्या वर्षांनी घरी आलेलं तुझं पहिलं पत्र, आणि त्यात ताई हा शब्द नाही, आई कशी आहे हेही नाही. मी ते आईला दाखवलं नाही. नाकापेक्षा मोती जड झालाय रे तुझा.

काल सुनावणीला मी आले होते. मागच्या बाकावर, कांजीबाईच्या शेजारी. तू पाहिलंस की नाही ठाऊक नाही. मधे ते मोठे साहेब, एका बाजूला त्या न्यायाधीश बाई, दुसऱ्या बाजूला तू. आमची चादर टेबलावर उलगडली तेव्हा तुझ्याकडेच बघत होते. वाटलं, डोळ्यांत काहीतरी दिसेल. तू चष्मा काढून पुसत बसलास.

आणि मग सरकारच्या वकिलाला विचारलंस, “या गोलातली पहिली सही कोणती, ते जरा दाखवा.”

तो बिचारा चादरीभोवती फिरला. इकडून बघतो, तिकडून बघतो. सगळं कोर्ट हसलं. तू हसला नाहीस, पण हसवलंस तूच. आमच्या चादरीवर, आईच्या अंगठ्यावर लोक हसले, बारक्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ज्या पोरानं झाकण ठेवून गोल काढले त्यानं भर कोर्टात गोलाची टिंगल करावी!

तर आता ऐकच. मी त्यात नाही असं लिहिलं होतं ते खोटं होतं. आहे मी. माझी सही कांजीबाईच्या आणि आईच्या मधे आहे, निळ्या शाईत, जरा फाकलेली. आईचा अंगठा तिच्या उजवीकडे. तुला काय निकाल द्यायचा तो दे, पण देताना तो अंगठा बघ. त्याच हातानं धुणं धुऊन तुला वकील केला. आता सांग, आम्ही एक आहोत की किती?

घरच्या पत्त्यावर टाकलेली पत्रं तुझा चिटणीस गिळतो असं दिसतंय. हे मी थेट कोर्टाच्या पत्त्यावर रजिस्टर करते आहे, म्हणजे मिळालं नाही म्हणायला नको.

ताई


२ एप्रिल

बारक्या,

हे घरच्या पत्त्यावर. आता काय, कुठेही टाकलं तरी सारखंच.

आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं की कोर्टाच्या पत्त्यावर गेलेलं पत्र कोर्टाचं होतं. ते तुझ्या हातात जायच्या आधी कचेरीत फोडतात, शिक्का मारतात, मोठ्या साहेबांपुढे ठेवतात. मला वाटलं, भावाचं नाव लिहिलंय, भावाला मिळेल.

गेल्या महिन्यात त्या सोमवारी तू कोर्टात उभा राहिलास तेव्हा मी तिथेच होते. तू कागद वाचलास. “या प्रकरणातल्या अर्जदारांपैकी एक माझी बहीण आहे आणि एक माझी आई आहे. बहिणीचं पत्र दप्तरी दाखल झालं आहे. त्यामुळे मी या सुनावणीतून बाजूला होत आहे.” एवढंच. आवाज सुद्धा चढला नाही. खुर्ची मागे सारून गेलास. मी घरी येऊन आईला सांगितलं, तो भर कोर्टात तुला माझी आई म्हणाला. तिनं नळी काढली, पुन्हा सांग म्हणाली. तीनदा सांगायला लावलं.

पण घरी निघण्याआधी कोर्टातच चष्मानं मला बाजूला घेतलं होतं. रागावला असता तर बरं झालं असतं. हळूच म्हणाला, “मावशी, तो पहिल्या सहीचा प्रश्न त्यांनी का विचारला ते कळलं होतं का तुम्हाला?” मी म्हटलं, टिंगल केली. तो म्हणाला, “सरकारचं म्हणणं होतं, पहिली सही करणारा तेवढा हरकतदार, बाकीचे नुसते पाठिंब्याला. न्यायमूर्तींनी पहिली सही दाखवा म्हटलं आणि त्याला दाखवताच येईना. पहिला कुणी नाही म्हणजे सगळेच हरकतदार. मी दोन महिने डोकं खाजवत होतो, पण हे मला सुचलं नव्हतं. लोक हसले ते सरकारच्या वकिलाला.”

हसणं तेवढं माझ्या कानात शिरलं, बाकी काही शिरलं नाही. उचलला कागद आणि लावला पोस्टाला.

कांजीबाई घरी आली. चहा घेतला. तुझं नातं तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, गल्लीतल्या जुन्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि एकानंही बाहेर शब्द काढला नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं. ती म्हणाली, “झाकली मूठ होती गं ती आपली. पोस्टात टाकायच्या आधी एकदा मला तरी वाचून दाखवायचंस.” कप स्वतः विसळून ठेवला आणि गेली.

गल्लीत मला कुणी टाकून बोलत नाही. मी नळावर गेले की आधी चाललेलं बोलणं बदलतं, एवढंच. कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावरची परवा म्हणाली, “जाऊ दे हो ताई, आपल्या नशिबातच नव्हतं.” त्यापेक्षा तिनं दोन मुस्काटात मारल्या असत्या तर सोसलं असतं.

तुझ्या जागी नवा माणूस नेमला, त्याच निवृत्तीच्या नव्या कायद्यानं आलेला. गुळगुळीत चेहऱ्याचा. चादर त्याच्यापुढे उलगडली तर त्यानं घड्याळ पाहिलं.

तुला काही बोलले असेन तर... असेन कशाला, बोललेच आहे. मोती वगैरे. पोटात घाल.

ताई


१७ जुलै

बारक्या,

तुझं पत्र आलं. तुझ्या हातचं. अक्षर अजून तसंच, ओळ वर वर चढत जाते. ‘केस संपली, आता मला तुम्हाला भेटायला कुणाची आडकाठी नाही. येऊ का?’ मी ते आईला वाचून दाखवलं. ती खिडकीत बसली होती. ती म्हणाली, “त्याला म्हणावं, पायऱ्या होत्या तेवढ्याच आहेत. जास्त केलेल्या नाहीत.” म्हणजे ये.

पण त्याआधी मला लिहायचं आहे ते लिहू दे.

निकाल तू वाचलाच असशील. दोन विरुद्ध एक. मोठे साहेब आणि गुळगुळीत म्हणाले, चादर एकच, हरकत एकच, ती ऐकली, निकालात काढली. वर पुढच्यासाठीही लिहून ठेवलं की यापुढे नकाशावर तक्रार निवडणूक झाल्यावरच करायची. चष्मा म्हणाला, निवडणूक झाल्यावर ते म्हणतील आता निवडणूक झाली. त्या न्यायाधीश बाईंनी एकटीनं वेगळं लिहिलं. ते चष्मानं आम्हाला नळापाशी वाचून दाखवलं. तुझा तो प्रश्न त्यांनी त्यात घेतला आहे आणि लिहिलंय की ज्याला पहिली सही दाखवता येत नाही त्याला आकडा एक म्हणता येत नाही. बायका ऐकत होत्या. मी घागर भरून निघून आले. हा नकाशा आता पुढची जनगणना होऊन नवी रेघ पडेस्तोवर. आणि ती रेघ ओढणारं मंडळ नेमणारी माणसं या नकाशावर निवडून आलेलीच असतील.

मतदानाच्या दिवशी गल्ली सकाळी बाहेर पडली आणि तीन दिशांना फुटली. दरवेळी एकत्र निघायचो, वाटेत टवाळी चालायची. या वेळी समोरची बाजारपेठेकडे, मागची गोदामांकडे, आम्ही टेकडीवर. कांजीबाई उभी होती बाजारपेठेतून, तेव्हा आई आणि मी तिला मत देऊच शकलो नाही. आमच्या यादीत जी नावं होती त्यांतलं एकही माणूस आमच्या गल्लीत कधी आलेलं नव्हतं. तरी आई म्हणाली जायचं. अर्ध्या चढावर एका बंगल्याच्या कठड्यावर बसली. आतून एक बाई आली, भली होती बिचारी, खुर्ची देऊ का म्हणाली. आईला बोलता येत नव्हतं. हातानं नको म्हणाली, आणि हातानंच मला म्हणाली, खाली चल. तिनं आजवर एकही मत चुकवलेलं नव्हतं. मी तिला तिथे बसवून मत द्यायला वर जाऊ शकले असते. नाही गेले. कुणाला देणार होते?

कांजीबाई पडली. दवाखान्याची पाटी गेल्या आठवड्यात काढली. टेकडीवर मोठा केलाय म्हणतात, चकचकीत. प्राणवायूची नळकांडी टेम्पोत घालून नेली तेव्हा आई खिडकीतून बघत होती. आता रोज सकाळी ती आवरून बसते आणि मग कुठे जायचं नाही हे आठवलं की खिडकी उघडते. वर न्यायला रिक्षा केली होती दोनदा, चढावर हादऱ्यांनी जास्तच दम लागला. डॉक्टरांना मी विचारलं, असं किती दिवस. ते म्हणाले, बघू. तू ये, लवकर ये.

आता मुद्द्याचं. मी रोज उभी इस्त्री फिरवत एकच हिशेब करते. त्या बाई आमच्या बाजूनं होत्या. मोठे साहेब विरुद्ध. उरली तिसरी खुर्ची. ती तुझी होती. तू आमच्या बाजूनं असतास तर दोन विरुद्ध एक हेच राहिलं असतं, फक्त उलटं. दवाखाना असता. आई सकाळी आवरून तिथे गेली असती. म्हणजे गल्लीचा गळा ना सरकारनं दाबला, ना मंडळानं. मी दाबला, रजिस्टर पोस्टानं.

पण तू विरुद्ध असतास तर? तर मग माझ्या पत्रानं काहीच बिघडलं नाही. तू गेलास काय, राहिलास काय, निकाल तोच. मग मी नळावर मान वर करून जाईन.

चष्मा काही म्हणो. प्रश्न विचारला म्हणून न्यायाधीश त्या बाजूचा असतोच असं नाही ना? तुम्ही लोक दोन्हीकडचं खोदून विचारता, कायदा आड येतो म्हणता, आणि शेवटी वेगळंच लिहिता. तसंच असेल. असणारच. तू मालकाच्या वकिलाकडे होतास. सरकारनंच नेमलेला होतास. लोक म्हणतच होते, हा त्यांचा माणूस. तेव्हा मी त्यांच्याशी भांडायचे. आता वाटतं, खरं असू दे. माझा भाऊ त्यांचा माणूस असू दे. अख्खी गल्ली ज्याच्या उलट मागत होती ते मी एकटी मागते आहे.

तेव्हा येण्याआधी मला एका ओळीचं पत्र टाक. पोस्टकार्ड चालेल, उघडं चालेल, सगळ्या गल्लीनं वाचलं तरी चालेल. ‘ताई, मी तुमच्या विरुद्धच निकाल दिला असता.’ बस. खाली तुझी सही. लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही हे मला माहीत आहे. तरी लिही.

तुझी,
ताई